पेशंट गेला आणि मला रडू आलं नाही. मी नर्स व्हायला लायक नाही का?

प्रश्न विचारणारी मुलगी बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात मेल मेडिकल वॉर्डात तिचं पोस्टिंग चालू आहे. लिव्हर सिरॉसिसचे, म्हणजे यकृत निकामी होत चाललेले, एक काका होते. सकाळी तिनेच त्यांचं स्पंजिंग केलं, म्हणजे ओल्या फडक्याने अंग पुसलं, कूस बदलली आणि अर्ध्या तासात ते गेले. सोबतच्या दोघी रडल्या, हिला रडू आलं नाही. तेव्हापासून जेवण जात नाही, हाताला वास येतोय असं वाटतं. वॉर्डातल्या सिस्टर तासाभरात चहा घेत हसत होत्या, त्याचा रागही आहे. सोमवारी पुन्हा त्याच वॉर्डात जायचंय, आणि आई म्हणते की हे शिक्षण सोडून दे.

अगं, लायक आहेस. रडू येण्या-न येण्यावरून काहीच ठरत नाही. पहिल्या मृत्यूला ओक्साबोक्शी रडलेली मुलगी पुढे आयसीयूची भक्कम सिस्टर झालेली मी पाहिली आहे. कोरड्या डोळ्यांनी सगळं काम आवरून हॉस्टेलवर जाऊन उलट्या करणारीही पाहिली आहे, आणि तीही तेवढीच भक्कम झाली. तुझं रडू डोळ्यांतून न येता पोटात गेलंय, म्हणून जेवण जात नाही. हात पुन्हा पुन्हा धुणं, डोळे मिटले की तो चेहरा दिसणं, लोकलमध्ये मधेच छाती भरून येणं, हे सगळं पहिल्या काही दिवसांत होतं आणि हळूहळू ओसरतं. महिना उलटला तरी झोप लागत नसेल, तीच स्वप्नं पडत असतील, वॉर्डाच्या दाराशी पाय अडखळत असेल, तर मात्र अंगावर काढू नकोस. ट्यूटरशी बोल, कॉलेजात काउन्सेलर असेल तर तिथे जा, किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.

तुझ्या प्रश्नातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तू मधेच, जाता जाता टाकलं आहेस: कूस मीच बदलली होती. ते टोचतंय ना? जवळजवळ प्रत्येक मुलीला ते टोचतं, पण उघड बोलून फार थोड्या दाखवतात. वॉर्डात दर तासाला कुणी ना कुणी पेशंटला काहीतरी करतच असतं. कुणी इंजेक्शन देतं, कुणी बीपी बघतं, कुणी चादर बदलतं, कुणी दोन चमचे पाणी पाजतं. त्यामुळे मृत्यू कोणत्याही वेळी आला तरी त्याआधीच्या अर्ध्या तासात कुणाचा तरी हात लागलेला असतोच. या वेळी तो तुझा होता.

सिरॉसिसच्या शेवटच्या टप्प्यात काय होतं ते तू शिकली आहेस, पण पुस्तकातलं आणि समोरचं एकच आहे हे लक्षात यायला वेळ लागतो. अमोनिया वाढून माणूस बरळायला लागतो, मग गुंगीत जातो. मूत्रपिंडं थकतात, लघवी कमी होत जाते. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव होऊ शकतो. शेवटच्या तासांत पाय गार पडतात, गुडघ्यांवर जांभळट जाळी दिसते, श्वास मधेच थांबतो आणि पुन्हा भरभर सुरू होतो. एकदा ट्यूटरला सोबत घेऊन त्या काकांच्या केसपेपरमधल्या शेवटच्या दोन दिवसांच्या नोंदी वाच. इनटेक-आउटपुट चार्ट, टीपीआर म्हणजे ताप-नाडी-श्वासाचा चार्ट, रात्रीच्या सिस्टरने ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला काम सोपवताना, लिहिलेलं. माझा अंदाज आहे की ही उतरंड तुझ्या स्पंजिंगच्या कितीतरी आधी सुरू झालेली दिसेल. उगाच समजूत घालायची म्हणून हे सांगत नाही. नर्सच्या हातून कधीच चूक होत नाही असं मी म्हणणार नाही, चुकीचं औषध जाऊ शकतं. पण आजारी माणसाची कूस बदलणं हा उपचाराचाच भाग आहे. तुझं काही चुकलं असतं तर इन्चार्ज सिस्टरनी तुला तिथल्या तिथे बाजूला घेतलं असतं.

आता भीतीबद्दल. वॉर्डात पाठवण्याआधी मी मुलींना कागदावर नाव न घालता लिहायला सांगते: मृत्यूचं नाव काढलं की कशाची भीती वाटते? स्वतःच्या मरणाची भीती फार थोड्या लिहितात. बहुतेक कागदांवर असतं ते असं: नातेवाईक अंगावर धावून आले तर? मी एकटी असताना गेला तर? बॉडीला हात लावावा लागेल का? माझ्या इंजेक्शननंतरच गेला तर? आणि काही कागदांवर फक्त एवढंच की बाबांची आठवण येईल. म्हणजे मुली मृत्यूला म्हणून फारशा घाबरलेल्या नसतात. त्या क्षणी आपल्याला काय करायचं ते कळणार नाही, याला घाबरलेल्या असतात. ही भीती शिकवून कमी करता येते, आणि ते काम आमचं आहे.

मृत्यूबद्दलचा दृष्टिकोन मोजायला अभ्यासकांनी प्रश्नावल्या केल्या आहेत. १९७० मधली टेम्पलर यांची प्रश्नावली फक्त १५ विधानांची, हो किंवा नाही एवढंच उत्तर मागणारी. १९९४ मध्ये वाँग आणि सहकाऱ्यांनी सुधारून आणलेली ३२ विधानांची प्रश्नावली मला जास्त पटते, कारण ती पाच गोष्टी वेगवेगळ्या धरते: मृत्यूची भीती, तो विषयच टाळणं, तो येणारच म्हणून तटस्थपणे मान्य करणं, पलीकडे काही चांगलं आहे या श्रद्धेनं मान्य करणं, आणि यातनांतून सुटका म्हणून मान्य करणं. या पाचही गोष्टी एकाच मुलीत एकाच दिवशी सापडतात. सकाळी जी म्हणते, मला त्या बेडकडे पाठवू नका, तीच दुपारी म्हणते, सुटले बिचारे काका, सोनं झालं. यात खोटेपणा नाही. मरणासन्न माणसाच्या शुश्रूषेबद्दल परिचारिकांना काय वाटतं हे विचारणारी फ्रॉमेल्ट यांची ३० विधानांची वेगळी प्रश्नावली आहे, १९९१ ची. नर्सिंगच्या विद्यार्थिनींवर देशोदेशी ती वापरली गेली आहे. या विषयाचं शिक्षण आणि धीराने सोबत करणारं कुणीतरी मिळालं की मुलींचा दृष्टिकोन सुधारतो, असं त्यातून पुन्हा पुन्हा दिसतं. नुसते मृत्यू बघत गेल्याने तो सुधारतो असं मात्र समजू नकोस. काही जणींना त्याने फक्त घट्टे पडतात.

आपल्याकडे हा विषय नर्सिंग फाउंडेशनमध्ये येतो आणि परीक्षेत शॉर्ट नोट म्हणून विचारला जातो. मुली पाठ करतात, मार्क मिळवतात. २०२१ च्या नव्या अभ्यासक्रमात अॅडल्ट हेल्थ नर्सिंगच्या दुसऱ्या भागाला पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बरा न होणाऱ्या पेशंटचा त्रास कमी करण्याच्या शुश्रूषेचं, मॉड्यूल जोडलंय, ते चांगलं झालं. पण मुलगी वॉर्डात पहिला मृत्यू बघते ती बहुधा त्याच्या आधीच, तुझ्यासारखी. ते दुःखाचे पाच टप्पेही पाठ असतील तुला. कुब्लर-रॉस बाईंनी ते मांडले ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, आणि ते क्रमानेच येतात असं नाही. पेशंटच्या बायकोकडे बघून ही आता दुसऱ्या टप्प्यावर आहे असं मनात टिपत बसू नकोस. तिला आधी खुर्ची दे.

हातांना काम माहीत असलं की मन बऱ्यापैकी जागेवर राहतं, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. मृत्यू झाल्याचं डॉक्टर जाहीर करतात, ईसीजीची सरळ रेषेची पट्टी काढली जाते, वेळ लिहिली जाते. ते आपलं काम नाही आणि विद्यार्थिनीचं तर नाहीच. नातेवाइकाने कॉरिडॉरमध्ये गाठून विचारलं तरी तू सांगायचं नाहीस. डॉक्टरांना किंवा सिस्टरना बोलावते, असं म्हणायचं. मग पडदे. जनरल वॉर्डात शेजारच्या बेडवरचा माणूस सगळं बघत असतो आणि उद्या माझी पाळी असा विचार करत असतो. त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. काम आवरल्यावर त्याच्याजवळ जाऊन दोन शब्द बोललीस तर फार मोठं काम होतं.

केस मेडिको-लीगल असेल, म्हणजे रेल्वे अपघात, भाजणं, विष, मारहाण, तर एकही नळी काढायची नाही, अंग पुसायचं नाही, कपडे टाकायचे नाहीत. पोलिस आणि पोस्टमॉर्टेम. तसं नसेल तर सलाइनची सुई काढायची आणि कापूस दाबून पट्टी लावायची, कारण मृत्यूनंतरही तिथून रक्त झिरपतं. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, काढताना तिचा आतला फुगा आधी रिकामा करायचा. डोक्याखाली उशी राहू द्यायची, नाहीतर रक्त खाली साकळून चेहरा काळानिळा पडतो. कवळी असेल तर ती आधी बसवायची. थोड्या तासांत अंग कडक व्हायला लागतं, मग जबडा ऐकत नाही. पापण्या मिटत नसतील तर ओला कापूस ठेवायचा. नेत्रदान होणार असेल तर पंखा बंद, डोकं जरा उंच आणि नेत्रपेढीला लगेच फोन, कारण साधारण सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. हनुवटीला पट्टी, पायाचे अंगठे एकत्र, ओळखपट्टी, चादर. अंगावरचं सोनं, घड्याळ, मोबाइल यांची यादी करून नातेवाइकाची सही घ्यायची. मंगळसूत्र, बांगड्या स्वतःहून काढायच्या नाहीत, घरच्या बाईला विचारायचं. ग्लोव्हज प्रत्येक वेळी, पेशंट कोणताही असो.

आणि ज्या गोष्टीने मुली किंचाळतात ती आधीच सांगून ठेवते. कुशीवर वळवलं की छातीत उरलेली हवा बाहेर पडते आणि उसासा टाकल्यासारखा आवाज येतो. कधी अंग अजून कोमट असतं, कधी एखादा स्नायू फडफडतो. यात जीव नसतो. उलटा प्रकार आयसीयूत, ब्रेनडेड, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलेल्या पेशंटच्या बाबतीत. व्हेंटिलेटरवर छाती हलते, हात गरम असतो, मॉनिटर चालू असतो आणि तरीही माणूस गेलेला असतो. कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं पॅनेल किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या करतं, तेव्हाच ते ठरतं. तिथे डोकं आणि डोळे यांचं भांडण लागतं, जुन्या सिस्टरांचंसुद्धा.

हे काम दोघींनी मिळून करायचं, एकटीने कधीच नाही. आमच्या काळातल्या कितीतरी सिस्टर मृतदेहाशी बोलत काम करायच्या. काका, वळवते हं कुशीवर. मीही करते. तुला चमत्कारिक वाटलं तर करू नकोस. पण करून बघ.

मुंबईच्या वॉर्डात शेजारशेजारच्या दोन बेडवर दोन धर्म असतात, म्हणून चादर गुंडाळण्याआधी विचारायचं. मुस्लिम कुटुंबाला चेहरा किब्ल्याकडे, म्हणजे इथून पश्चिमेला हवा असतो आणि अंघोळ त्यांची माणसं घालतात, आपण फक्त स्वच्छ करून द्यायचं. कुणाला फादर येईपर्यंत थांबायचं असतं, कुणाला त्रिशरण-पंचशील म्हणायचं असतं, पारशी कुटुंब डुंगरवाडीला, म्हणजे त्यांच्या अंत्यविधीच्या जागी, फोन लावतं. हिंदू घरात गंगाजल आणि तुळशीचं पान. इथे एक धोका आहे. माणूस गुंगीत असताना, श्वास चालू असताना नातेवाईक चमच्याने पाणी घालतात आणि ते श्वासनलिकेत जातं. नाही म्हणून हटकू नकोस, त्यांना आयुष्यभर लागून राहतं. ओला कापूस हातात देऊन ओठ भिजवायला सांग. विधीही होतो आणि पेशंटचा जीवही घुसमटत नाही.

नातेवाइकांच्या रागाची भीती खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात २०१० पासून आरोग्यसेवकांवरच्या हल्ल्याविरुद्ध कायदा आहे, आणि त्यात नर्सिंगचे विद्यार्थीही येतात. पण मारामारीच्या क्षणी कायदा आठवत बसायला वेळ नसतो. दार पाठीशी राहील असं उभं राहा, घोळक्याच्या मधे शिरू नकोस, आवाज चढला की सिक्युरिटीला बोलवायला तूच बाहेर जा. शांत असलेल्या नातेवाइकांशी मोजकं बोल. देवाची इच्छा, रडू नका, वय झालं होतं, यातलं काहीही नको. पाणी देऊ का, कुणाला फोन लावायचाय का, एवढं पुरतं.

आता चहा. तुझा राग मला समजतो, आणि निम्मा मला मान्य आहे. शिक्षण रुग्णालयात जनरल वॉर्डाला तीन पेशंटमागे एक नर्स, हे इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण आहे. आपल्या वॉर्डात नाइटला किती सिस्टर असतात आणि जमिनीवरच्या गाद्या धरून किती पेशंट, ते तू मोजलंच असशील. काका गेल्यावर तासाभरात तो बेड कार्बोलाइज करून, म्हणजे जंतुनाशकाने पुसून, त्यावर नवा पेशंट घ्यायचा होता. चहाच्या वेळी हसणाऱ्या सिस्टरांनी त्या सकाळी आणखी दोन गंभीर पेशंट सांभाळले असतील. पॅन्ट्रीत बसून हसण्याला माझी हरकत नाही. बेडशेजारी, नातेवाइकांच्या कानावर पडेल असं कुणी हसलं, किंवा गेलेल्या माणसाच्या दारूवरून विनोद केला, तर मात्र तो निबरपणा आहे आणि तिथे तुझा राग बरोबर आहे. सिरॉसिसच्या पेशंटच्या वाट्याला हे फार येतं. प्यायला म्हणून मेला, असं म्हणून हात झटकतात. सिरॉसिस दारूशिवाय हिपॅटायटिसनेही होतो, आणि दारूने झाला तरी मरताना त्या माणसाला तेवढीच तहान लागते.

वर्गात या विषयावर वाद होतो तो एका नावापाशी. केईएमच्या परिचारिका अरुणा शानबाग. २७ नोव्हेंबर १९७३ ला त्यांच्यावर रुग्णालयातच हल्ला झाला आणि १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने त्या गेल्या. मधली चार दशकं केईएमच्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना भरवलं, धुतलं, कूस बदलली. त्यांचं अन्न थांबवू द्यावं असा अर्ज सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा या परिचारिकांनी विरोध केला. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने परवानगी नाकारली, आणि अरुणाताईंची जवळची माणसं म्हणजे रुग्णालयाचे हे कर्मचारीच, असं मानलं. त्याच निकालाने कडक अटींवर निष्क्रिय दयामरणाची, म्हणजे जगवून ठेवणारे उपचार थांबवण्याची, वाट मात्र उघडली. पुढे २०१८ मध्ये घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणारं इच्छापत्र मान्य केलं, २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दरवर्षी वर्ग दुभंगतो. अर्ध्या मुली म्हणतात, कशाला इतकी वर्षं ओढलं? अर्ध्या म्हणतात, आपल्या माणसाला उपाशी कसं ठेवायचं? मला दोन्ही बाजू कळतात. उपचार थांबवण्याचा निर्णय पेशंटच्या इच्छेने व्हावा असं माझं मत आहे, पण त्या परिचारिकांना चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कडेला बसून मत देणं सोपं असतं. भावना बाजूला ठेवून मृत्यूचा विचार करायचा सराव या एका प्रकरणाने जेवढा होतो तेवढा पाठ्यपुस्तकाने होत नाही, म्हणून तो निकाल मिळवून वाच.

जमलं तर वांद्र्याच्या शांती आवेदना सदनला भेट मिळेल का ते कॉलेजला विचार. १९८६ पासून चालू असलेलं हे भारतातलं पहिलं हॉस्पिस, शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांसाठी. आपल्या वॉर्डात मृत्यू बहुतेक वेळा धावपळीत येतो: तातडीच्या औषधांची क्रॅश कार्ट, छाती दाबून सीपीआर, श्वास देणारी अँबू बॅग, बाहेर काढलेले नातेवाईक. तो एकच प्रकार पाहिलेल्या मुलीला वाटतं की मरण म्हणजे हरणं. हॉस्पिसमध्ये जाऊन आलेल्या मुली वेगळं बोलतात. मॉर्फिनने वेदना आटोक्यात असलेला, उशाशी घरची माणसं असलेला पेशंट त्यांनी पाहिलेला असतो.

आईचं काय करायचं? प्रेताला हात लावून आली म्हणून दारातच अंघोळीला पाठवणाऱ्या आया मी खूप ऐकल्या आहेत. त्यावर वाद घालू नकोस. युनिफॉर्म तसाही वेगळा धुवायचा असतो आणि गरम पाण्याने अंघोळ केल्यावर तुलाच बरं वाटेल. शिक्षण सोडण्याचा विषय पुढच्या दोन आठवड्यांत काढायचा नाही, एवढं आईकडून कबूल करून घे. जेवणाचं म्हणशील तर वरणभात, ताकभात असं साधं खा. वासाचे पदार्थ काही दिवस नकोत. आणि घरात एकाच माणसाला सगळं सांग, सगळ्यांना नको, नाहीतर प्रत्येक जण तुला सल्ला देईल.

सोमवारी ड्यूटी सुरू होण्याआधी ट्यूटरना गाठ आणि दोन गोष्टी माग. एक, तो केसपेपर सोबत बसून वाचायचा आहे. दुसरी, वॉर्डात पुढचा मृत्यू झाला तर सगळं काम सिस्टर करतील आणि तू मदतनीस म्हणून पायांच्या बाजूला उभी राहशील, डोक्याच्या बाजूला नाही. चादर धरायची, सामान हातात द्यायचं, यादी लिहायची. त्यापुढच्या वेळी बाजू बदल. त्या जुन्या बेडवर आता दुसरा पेशंट असेल. पहिल्या राउंडला त्याचं नाव आणि गाव विचारून घे. ट्यूटर नाही म्हणाल्या तर इन्चार्ज सिस्टरना विचार. बहुतेक इन्चार्ज सिस्टर हो म्हणतात, त्यांना मदतीला हात हवाच असतो.